नऊ, दोन, बेरीज

रामवाडी, पेण
शुक्रवार, सकाळ

तीर्थरूप मोरूमामांस,

साईराजचा सप्तांग नमस्कार. साष्टांगच घालायचा होता, पण डावा हात मंगळवारपासून गळ्यात बांधलेला आहे (कारण पुढे येईल), तेव्हा आठवं अंग हात सुटल्यावर स्वतः येऊन घालीन. मामींना नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? काढा पिता, की मामींची पाठ वळली की वालाच्या वेलाला पाजता? परवाच्या उधाणाचं पाणी बांध ओलांडून आत आलं नाही ना? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तुम्ही म्हणाल. फोन आहे. पण 'कंपनी' हा शब्द कानावर पडला की तुम्ही फोन ठेवता, आणि परवा तर मी नुसतं 'कं' म्हटल्याबरोबर ठेवलात (मला कंदमुळांबद्दल बोलायचं असतं तर?). म्हणून हे पत्र आईच्या हाती देतो आहे. ती तुमच्यासमोर पाटावर बसेल, आणि शेवटची ओळ वाचून होईपर्यंत स्वतः उठणार नाही आणि तुम्हालाही उठू देणार नाही. विषय एवढाच, की येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता धाटावला तुमच्या जुन्या कंपनीत चौकशी बसते आहे. तीत सरू नावाच्या एका बाईची नोकरी जाणार हे जवळजवळ ठरलेलं आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण, तर तुम्ही, असं साहेबलोकांचं मत झालेलं आहे. हे नुसतं तुमच्या कानावर असावं म्हणून लिहितो. तुम्ही काही करावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. माणसाने निवृत्त झाल्यावर घरी बसावं, खोकावं.

आता कबुली. सात महिन्यांपूर्वी रोह्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो म्हणून मी तुम्हाला पेढे दिले होते. कुठल्या कंपनीत, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी मामींना 'आणखी एक पोह्याचा पापड आहे का' असं विचारलं, ते तुमच्या लक्षात असेलच. ती तुमचीच कंपनी. जिथे तुम्ही एकतीस वर्षं काढलीत, आणि निवृत्तीनंतर 'मशीन बंद पडलंय, धावत या' असा निरोप धाडून ज्यांनी तुम्हाला, पास नाही म्हणून, गेटवर भर उन्हात सव्वा तास उभं केलं, आणि जिथून परतताना तुम्ही 'पुन्हा या दारात पाय ठेवला तर मोरू नाव लावणार नाही' असं म्हणालात, तीच. त्या दारातून मी रोज आत जातो. माझ्याकडे पास आहे.

पुण्याची नोकरी कशी गेली ते मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. आम्हा चाळीस जणांना एका खोलीत बोलावून साहेब म्हणाले, तुम्ही आमचं कुटुंब आहात. तेव्हाच मी उमजलो आणि डबा आवरायला घेतला. आठ वर्षं मी तिथे जावा नावाच्या भाषेत काम केलं होतं. जावाचं काम म्हणजे पेणला गणपतीचा कारखाना काढण्यासारखं आहे. गल्लीत चार आहेत आणि पाचवा पत्रे ठोकतोय, पण माल खपतो. तेव्हा दुसरी नोकरी मिळायला वेळ लागणार नाही असं सगळे म्हणाले, आणि तीन महिने म्हणत राहिले. मग एक दिवस जाहिरात दिसली: रोह्याजवळ धाटावला कंपनी, फोर्थ नावाची भाषा येणारा माणूस पाहिजे. माझा मित्र जितेश (तोच, जो तुमच्याकडे येऊन जिताडा माशाचं डोकं मागून खाऊन गेला) पुण्याहून फोनवर अर्धा तास ओरडत होता. ही भाषा येणारी माणसं एका सहा आसनी रिक्षात मावतील म्हणाला, आणि ती रिक्षाही वडखळच्या नाक्यावर बंद पडेल. एकदा या भाषेत गेलास की पुन्हा तुला कोण विचारणार? जितेश स्वतः तीन वर्षांत चार नोकऱ्या बदलून प्रत्येक ठिकाणी तेच एक पान बनवतो, ज्यावर लोक आपलं नाव आणि पत्ता भरतात. एवढ्या मोठ्या माणसाचा सल्ला मी ऐकला नाही, कारण मला राग आला होता. चार दिवसांत एक जुनं पुस्तक वाचून मी फोर्थ शिकलो आणि पाचव्या दिवशी 'येतं' म्हणून सांगितलं.

मुलाखत म्हणून जे झालं त्याला मुलाखत म्हणणं म्हणजे मामींच्या मांजराला वाघ म्हणणं. मोठ्या साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. फोर्थ येतं का, आणि घर कुठे. पेण म्हटल्याबरोबर चहा यायच्या आत माझी नेमणूक झाली. मागाहून कळलं, की त्या जाहिरातीला सोळा महिन्यांत माझा एकच अर्ज आला होता. मामा, मी आयुष्यात प्रथमच कुठल्या तरी यादीत पहिला आलो.

पहिल्या दिवशी मला तुमच्या खोलीत नेलं. मामी, तुमचं निळ्या फुलांचं मेणकापड, जे हरवलं म्हणून तुम्ही शेजारच्या घराशी दोन वर्षं अबोला धरला होतात, ते तिथे यंत्रावर पांघरलेलं आहे. शेजारणीची माफी मागा. मेणकापड काढलं, पडदा उजळला, आणि मी तुमचा कार्यक्रम, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, वाचायला घेतला. त्या भाषेचा स्वभाव असा (हेही मामींसाठी, मामांना ठाऊक आहे): आधी वस्तू समोर मांडायच्या आणि त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगायचं. दोनात तीन मिळवायचे तर 'दोन, तीन, बेरीज' असं लिहायचं. शिवाय भाषेत आयते शब्द थोडे, लागतील तसे आपले आपण बनवायचे. शहाणी माणसं ही सवलत जपून वापरतात. तुम्ही चार हजार ओळी खाडीच्या बोलीत लिहिल्यात, तीही इंग्रजी अक्षरांत! टाकीला मिठागरातली 'कोंडी'. झडपेला बांधावरची 'उघाडी'. पाणी सोडायचं तर 'पानी-सोर', थांबायचं तर 'गप-ऱ्हा'. अख्ख्या जगात संगणकाला खरं आणि खोटं सांगायचे ठरलेले शब्द आहेत, तुमच्याकडे 'हाय' आणि 'नाय'. आठ वर्षं पुण्यात राहून 'नाय'चं 'नाही' करायला मी जी मेहनत घेतली होती ती पहिल्या पानावर खाडीत गेली. ज्या भाषेची माणसं सहा आसनी रिक्षात मावतात तिच्यात आजोबांच्या मिठागराची बोली घालून तुम्ही ती रिक्षा पार सायकलवर आणलीत, आणि सायकलवर मी एकटा.

बरं, माणूस काही टिपून तरी ठेवतो, की बाबा हे असं का केलंय. चार हजार ओळींत तुमच्या टिपा तीन. पहिली: 'जेवून आलो.' दुसरी: 'वीज गेली.' तिसरी टीप एका शब्दाशेजारी, आणि ती फक्त 'असू दे' एवढीच. त्या शब्दाचं नाव 'जनी'. तुम्ही उघाड्यांना नावं दिली तीच पुष्कळ होती, आता बायकांचीही नावं घालायला लागलात असं म्हणून मी कपाळाला हात लावला. जनी काय करते, तर काही नाही करत. माल तयार होऊन निघाला, की वरच्या मजल्यावरची मोठी गाळणी उकळत्या पाण्याने आपोआप धुतली जाते. त्या धुण्याच्या आधी हा शब्द येतो, आणि सगळं यंत्र अकरा मिनिटं गप्प बसतं. ते अकराही तुम्हाला सरळ लिहवले नाहीत. 'नऊ, दोन, बेरीज, मिनटा, गप-ऱ्हा.' पहिलीतल्या पोराला अकरा लिहिता येतात हो मामा! आणि याहून मोठा कळस म्हणजे ते हिरवं बटण. धुलाई चालू करायचं म्हणून पॅनेलवर आहे, दिवा लागतो, खटका वाजतो. कार्यक्रमात त्याचं काय होतं, तर बटण दाबलं का बघ, आणि जे दिसेल ते टाकून दे. कंपनीचं एवढं मोठं हिरवं बटण तुम्ही चोवीस वर्षं लोकांना खोटंच दाबायला लावलंत!

ते दाबणारा माणूस म्हणजे शिफ्टचा सुपरवायजर पोपट. तुमच्या वेळी नवा होता, आता पोटाने आणि अधिकाराने वाढला आहे. माल निघाला की पोपट पँट वर ओढतो, रुमालाने बटण पुसतो, दाबतो, दिव्याकडे मालकाच्या नजरेने बघतो आणि चहाला जातो. चहा पिऊन येईस्तोवर अकरा मिनिटं झालेली असतात आणि वर पाणी धो धो चालू असतं. आपण सोडलं ते आलं, म्हणून पोपट खूश. एकोणीस वर्षं हा माणूस एका न जोडलेल्या बटणाचा अंमलदार आहे, आणि खात्यात त्याच्याइतका समाधानी दुसरा कोणी नाही.

एवढं सगळं पोटात ठेवून मी आणखी सात वर्षं गपगुमान काढली असती. पण गेल्या आठवड्यात मुंबईहून सल्लागार आले. (सल्लागार म्हणजे जो आपलंच घड्याळ मागून घेतो आणि आपल्याला वेळ सांगतो.) हेल्मेटवरचं लेबल अजून काढलेलं नव्हतं. त्यांनी तीन दिवस फळ्यावर चित्रं काढली आणि अकरा मिनिटं शोधून काढली. त्यांनी त्यांना 'मृत वेळ' असं नाव दिलं. मोठे साहेब माझ्याकडे वळले, आणि मामा, खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा कोणी तरी माझ्याकडे विद्वान म्हणून पाहत होतं. मी म्हणालो, हा जुन्या माणसाचा गबाळेपणा आहे, दहा मिनिटांत काढतो. आणि काढला. सोमवारी दुपारी मी जनी पुसली, हिरवं बटण खरोखरच्या धुलाईला जोडलं, आणि मला सगळ्यांसमोर गुच्छ देण्यात आला. सूचनाफलकावर माझा फोटो लागला. तो जितेशला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

मंगळवारी सकाळच्या शिफ्टला मी साहेबांना आणि सल्लागारांना घेऊन गाळणीच्या जिन्याखाली उभा होतो, माझी करामत दाखवायला. सल्लागारांनी आपला लॅपटॉप उघडून हातावर धरला होता. माल निघाला. एक बाई हातात बादली आणि ब्रश घेऊन लोखंडी जिन्याने वर गेली. गाळणीच्या तोंडाशी चिकटलेला गाळ यंत्राने सुटत नाही, तो प्रत्येक वेळी माणसाने वर जाऊन, आत वाकून घासावा लागतो, ही गोष्ट फळ्यावरच्या कुठल्याच चित्रात नव्हती. ती बाई सरू. ती वाकली. खाली पोपटने पँट वर ओढली, बटण पुसलं आणि दाबलं. पाइप दोनदा खाकरला. सरूने तो आवाज ऐकला, बादली टाकली आणि जिन्याकडे उडी घेतली. पाठोपाठ उकळतं पाणी आलं, बरोबर जिथे ती वाकली होती तिथे. बादली दोन मजले खाली आली. आधी माझ्या डाव्या खांद्यावर, आणि तिथून, साबणाच्या पाण्यासकट, सल्लागारांच्या लॅपटॉपवर.

सरू धडधड जिना उतरून आली ती बोलतच. "बटन कुनी दाबलं? पोपटदादा, मानूस वर हाय का खाली, मान वर करून बगायला काय झालं व्हतं?" त्यावर पोपट जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो म्हणाला, "मी रोजच दाबतो गो. एकोनीस वर्सं दाबतोय. कदी काय झालं नाय!" मग ती माझ्याकडे वळली. मी खांदा धरून खाली बसलो होतो. "आनि तू रं? मोरूभाऊंचा भाचा ना तू? त्यांनी घातलेलं कुलूप तू मोडलंस व्हय?"

मग मला कळलं, जे धाटावात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि फक्त शिकलेल्यांना नव्हतं. जनी ही सरूची सासू. सरूच्या आधी गाळणी तीच घासायची. चोवीस वर्षांपूर्वी, तेव्हा कोण सुपरवायजर होता त्याने, ती वर असताना खालून बटण दाबलं, कारण त्याला घरी जायची घाई होती. तिचा पाय भाजला. दीड महिना ती घरी होती, आणि कागदावर लिहिलं गेलं, 'पाय घसरला'. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. (तुम्ही कधी बोललात?) ती कामावर परत आल्यावर तुम्ही तीन दिवस जिन्याखाली मनगटावरचं घड्याळ बघत उभे होतात, लोकांना वाटलं मोरूचं डोकं फिरलं. चौथ्या दिवसापासून बटणाला कोणी कितीही दाबलं तरी पाणी आपल्या वेळेलाच यायला लागलं. तुम्ही तिला एवढंच म्हणालात म्हणे, "जनीआते, आता सावकाश उतर." आणि वरच्यांना काय सांगितलंत? काही नाही. असू दे.

आता चौकशीचं. कागदावर कुणाला कधी भाजलेलं नाही, म्हणून थांबायची गरज कधी नव्हती. गरज नव्हती, म्हणजे ती अकरा मिनिटं एका माजी कामगाराची खोडी होती (हे तुम्ही). पोपटने नियमाप्रमाणे बटण दाबलं. मी वरिष्ठांच्या हुकमाने बदल केला, शिवाय माझा फोटो अजून फलकावर आहे. सल्लागार पाहुणे. तेव्हा ज्याचा दोष स्वच्छ दिसतो असं एकच माणूस उरलं, कारण बादली तिची होती. कंपनीच्या पाहुण्यांच्या वस्तूचं नुकसान केलं म्हणून सरूला मेमो मिळाला आहे. ती कंत्राटावर, तिला घरी पाठवायला सोमवारचा एक तास पुरे. माझं बोलणं कोण ऐकणार? मी बुधवारी साहेबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, तू तर तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत असशील. खरंच होतो.

मामा, तुमचा मला फार राग आलेला आहे आणि तो या पत्रात मावत नाही. तीन शब्द लिहायचे होते. 'जनी वर हाय.' झडपांची बारशी करायला तुमच्याकडे फुरसत होती, जेवून आल्याची नोंद करायला होती, आणि हे तीन शब्द लिहायला हात जड झाला? गेटवर सव्वा तास उभं केलं तेव्हाही असेच मुकाट परत आलात. न बोलण्याचा एवढा अभिमान धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ज्याच्या न बोलण्याची फळं दुसऱ्याच्या सुनेने भोगावी असा तर नाहीच नाही. हे तुम्हाला लागलं तर लागू दे.

आणि मला स्वतःची त्याहून किळस येते. त्या शब्दाला एका बाईचं नाव होतं. सात महिने मी ते रोज वाचत होतो, आणि ही बाई कोण एवढं विचारायला मला जिना उतरून पन्नास पावलं चालावं लागलं असतं. मी चाललो नाही. ती पाइपचा आवाज ओळखत नसती तर आज मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सप्तांग तरी घातला असता?

असो. लिहायचं म्हणून लिहिलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, प्रकृतीला जपा, उन्हात फिरू नका. सोमवारी तर विशेष करून घराबाहेर पडू नका. मामींना आणि तुमच्या खोकल्याला पुन्हा नमस्कार.

आपला (सात महिने सोडून) आज्ञाधारक भाचा,
साईराज

ता. क. सोमवारी घराबाहेर पडू नका असं वर लिहिलं आहे, त्याकडे दुर्लक्ष करावं. तुमच्या नावाचा पास मी काल काढून घेतला आहे, तो याच पाकिटात आहे. 'येण्याचं कारण' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून 'असू दे' असं लिहिलं. वॉचमनने वाचलं आणि शिक्का मारला. पहिल्या रोहा एसटीला मी पेणच्या स्टँडवर उभा असेन, खिडकीची जागा तुमची. गेटवर तुम्हाला कोणी एक मिनिट जरी थांबवलं तर मीही बाहेरच उभा राहीन, आणि मग त्यांनी फोर्थ येणारा माणूस शोधावा. सहा आसनी रिक्षात आता आपण दोघंच आहोत.

आणखी एक. जनी मी बुधवारी सकाळी जिथल्या तिथे बसवली आहे. हिरवं बटणही पुन्हा खोटं केलं. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही (हा गुण आजोळचा). सल्लागारांच्या अहवालात अकरा मिनिटं वाचलेलीच आहेत, आणि तेव्हापासून कोणी घड्याळाकडे पाहिलेलं नाही. पोपट म्हणतो, आता बटण पुन्हा कसं झकास चालायला लागलंय. तुमच्या 'असू दे'च्या खाली मी एक टीप वाढवली आहे. तीन शब्दांची. तुमच्याच बोलीत.

शेवटचं, आणि मग आई उठेल. बुधवारी संध्याकाळी मी जनीआतेच्या पाया पडायला तिच्या घरी गेलो होतो. वय चौऱ्याहत्तर, ऐकू कमी येतं, दिसतं सगळं. ते नऊ आणि दोन वेगवेगळे का, ते तिने सांगितलं. ब्रश आवरून दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरायला नऊ मिनिटं. आणि मधल्या पायरीवर बसून तंबाखू मळायला दोन, ती तुम्ही तिच्या तंबाखूची वेगळी धरली होतीत. हसत होती सांगताना. मामा, अकरा सरळ लिहायला हवे होते असं मी वर म्हटलंय, ते मी मागे घेतो. चौकशीचं कळल्यावर म्हणाली, मी येते सोमवारी, साहेबांच्या देखत जिना चढून दाखवते आणि उतरून दाखवते, लावू दे त्यांना घड्याळ. सरूने समजावलं, मी समजावलं, ऐकत नाही. अट एकच घातली आहे, ती तिच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे मग मला पुढे काही लिहायला नको: "मी वर असंन तवा खाली बटनापाशी मोरू पायजे. दुसऱ्या कुनावर माजा भरवसा नाय."